तारलीचा भाव आणि टॉवरची रेंज

गावात टॉवर आला, इतक्या घरांत फोन पोचले, इतका डेटा खर्च झाला, हे आकडे सरकार आणि कंपन्या दोघेही हौसेने सांगतात. आकडे खोटे नसतात, पण कुणाचं काय भलं झालं हे त्यांतून कळत नाही. फोन आला त्याच वर्षांत रस्ते झाले असतील, आखातातून पैसा आला असेल. मिळकत वाढली तर श्रेय कुणाला द्यायचं? त्यासाठी अगदी तसंच पण फोन न आलेलं दुसरं गाव शेजारी लागतं, आणि ते सहसा मिळत नाही.

केरळच्या उत्तर किनाऱ्यावर ते योगायोगाने मिळालं. मोबाइल सेवा कोळिक्कोड जिल्ह्यात १९९७ च्या जानेवारीत सुरू झाली, कण्णूरला १९९८ मध्ये आणि कासरगोडला २००० साली. टॉवर किनाऱ्याजवळचे, त्यामुळे समुद्रात वीसपंचवीस किलोमीटर आतपर्यंत रेंज मिळायची. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी १९९६ ते २००१ या काळात दर आठवड्याला ३०० मच्छीमार नौकांचा हिशेब घेतला: आज किती तारली मिळाली, कुठे विकली, काय भावाने. कोळिक्कोडला फोन होता तेव्हा कण्णूरला नव्हता. कण्णूरला आला तेव्हा कासरगोड कोरडंच होतं. तुलनेचं गाव हे असं सापडलं.

फोनआधीची परिस्थिती एका तारखेवरून कळते. १४ जानेवारी १९९७ ला वडकराच्या किनाऱ्यावर ११ नौकांना गिऱ्हाईकच मिळालं नाही आणि मासळी फेकावी लागली. त्याच सकाळी पंधरा किलोमीटरच्या आतल्या बाजारांत २७ खरेदीदार मासळीवाचून परतत होते. बर्फाची सोय नाही, बाजार काही तासांत उठतो, आणि अंदाजाने दुसऱ्या किनाऱ्याला जायचं तर डिझेल जळतं. मग जो तो आपल्याच गावी परतायचा.

फोन आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच दोनतीन बाजारांत भाव विचारू लागले आणि जिथे मागणी तिकडे नौका वळवू लागले. पूर्वी ५ ते ८ टक्के मासळी वाया जायची, ते जवळजवळ थांबलं. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, तर खाणाऱ्याला तारली ४ टक्क्यांनी स्वस्त मिळू लागली. विकणारा आणि घेणारा, दोघांचाही फायदा! यात चमत्कार नाही. फेकली जाणारी मासळी ताटात आली, एवढंच. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांनाही लाभ झाला, कारण भाव सगळ्यांसाठीच स्थिरावले.

२००७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि तारलीची गोष्ट परिषदा-परिषदांतून फिरू लागली. फिरताना तिच्यातल्या अटी गळून पडल्या. पुढे जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल यांनी केरळच्या किनाऱ्यावर पुन्हा विचारपूस केली. अनेक ठिकाणी नौका-जाळ्यांसाठी पैसा लिलाव करणारा दलालच देतो आणि मासळी त्याच्यामार्फतच विकावी लागते, असं त्यांनी २०१३ मध्ये मांडलं. शेजारच्या बंदराचा भाव हातातल्या फोनवर कळला, तरी कर्जात अडकलेली नौका वळणार कशी?

आपल्याकडचा अनुभवही हेच सुचवतो. रॉयटर्सने २००७ साली महाराष्ट्रात शेतकऱ्यांसाठी बाजारभाव आणि हवामान एसएमएसने कळवणारी सेवा सुरू केली. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातल्या १०० गावांत काही शेतकऱ्यांना ती वर्षभर फुकट दिली, काहींना दिली नाही. कुणाला द्यायची ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. मग दोन्हींच्या हाती पडलेला भाव ताडून पाहिला. सरासरीत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. काहींनी माल विकण्याची जागा तेवढी बदलली. हा निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आला, पण तारलीइतकी त्याची वाहवा झाली नाही. शून्य निघालेल्या उत्तराला सभेत कोण टाळ्या वाजवणार? मला मात्र दोन्ही निष्कर्ष खरे वाटतात. तारलीवाल्याकडे ऐनवेळी वळवता येणारी नौका होती. टेम्पोत भरलेला कांदा एसएमएस वाचून दुसऱ्या बाजार समितीकडे न्यायचा, तर भाडं आहे, आडत्याची उचल आहे, ओळख आहे. शिवाय भाव शेतकऱ्याला शेजाऱ्याकडून आधीच कळलेला असतो.

मोजणाऱ्याची आणखी एक अडचण असते. परिणाम कुठे दिसेल हे आधी ठाऊक नसतं आणि प्रश्नावली तर आधीच छापलेली असते. जेन्सन यांनी नोलन मिलर यांच्यासोबत २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावरचा दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. मासळी विकायला मच्छीमार लांबच्या बंदरांत जाऊ लागले, तसे त्यांना तिथले नौका बांधणारे कारागीर कळले आणि कुणाची नौका जास्त वर्षं टिकते हेही कळलं. चांगल्या कारागिरांचं काम वाढलं. गावातल्याच गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या अनेक कच्च्या कारागिरांचे कारखाने बंद पडले. तारलीच्या भावासाठी आणलेल्या फोनमुळे सुतारकाम गेलेल्या या माणसांसाठी २००७ च्या हिशेबात रकानाच नव्हता.