शिकाऊ उमेदवाराची उमेद कशावर टिकते?

'उमेदवार' हा शब्द आज उच्चारला की डोळ्यांपुढे निवडणुकीचे फलक उभे राहतात. मराठीत या शब्दाचा जुना अर्थ मात्र निराळा आहे. कचेरीत किंवा पेढीवर पुढेमागे जागा मिळेल या आशेने बिनपगारी अथवा तुटपुंज्या मोबदल्यावर काम शिकणारा तो उमेदवार. फारसीतून आलेली 'उमेद', म्हणजे आशा, त्या शब्दातच सामावलेली होती. शिकाऊ उमेदवारीच्या कायद्याचे मराठी नाव ठरविताना हाच शब्द घेतला गेला.

वीज क्षेत्रात सध्या तक्रार आहे ती नेमकी या उमेदीबद्दल. वीजतंत्री आणि तारतंत्री या व्यवसायांतील शिकाऊ मुले वेळेवर येत नाहीत, सांगितले तेवढेच करतात, उरलेला वेळ मोबाइलमध्ये घालवतात आणि वर्ष भरले की प्रमाणपत्र घेऊन मोकळी होतात, असे कंत्राटदार व जुने तंत्रज्ञ सांगतात. मुलांना विचारले तर ती म्हणतात, काम कोणी शिकवतच नाही. साहित्य उचलायला, शिडी धरायला आणि चहा आणायला ठेवले आहे. या दोन्ही तक्रारी बहुतेक वेळा एकाच ठिकाणच्या आणि एकाच दिवसाच्या असतात, ही यातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे.

कायद्याने ठरविलेले नाते

शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१चा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला मुलगा किंवा मुलगी त्यानंतर साधारण एक वर्ष प्रत्यक्ष आस्थापनेत काम शिकते. या काळात विद्यावेतन मिळते, अखेरीस परीक्षा होते आणि उत्तीर्ण झाल्यास राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. २०१९च्या नियमदुरुस्तीनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना आपल्या संख्येच्या अडीच ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले.

याच कायद्याच्या १८व्या कलमात एक महत्त्वाचे वाक्य आहे. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच म्हणावे लागेल, कारण शिकणाऱ्याकडून पूर्ण कामगाराइतके काम अपेक्षिणे अन्यायाचे ठरेल. व्यवहारात मात्र या वाक्याचा दोन्ही बाजूंनी सोयीचा अर्थ लावला जातो. पगाराचा प्रश्न आला की तो प्रशिक्षणार्थी असतो. मनुष्यबळ कमी पडले की तोच हक्काचा मदतनीस होतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला ही दुहेरी भूमिका समजायला पहिला महिना पुरतो, आणि त्याची वृत्ती पुष्कळदा तेथेच ठरून जाते.

बाकावरची वीज आणि खांबावरची वीज

आयटीआयमध्ये मुलगा लाकडी फळीवर जोडणी शिकतो. तारांचे ब्रिटानिया, मॅरिड, वेस्टर्न युनियन असे सांधे करतो. जिन्याच्या दिव्याला वर आणि खाली दोन बटणे कशी द्यायची, मोटारीला स्टार-डेल्टा स्टार्टर कसा जोडायचा, हे तो आकृती पाहून करतो. तेथे प्रत्येक तारेचा रंग पुस्तकात दिलेलाच असतो आणि चूक झाली तर निदेशक ती सोडून पुन्हा जोडायला लावतात.

प्रत्यक्षातील जुन्या इमारतीत तिन्ही फेजना एकाच रंगाची तार आढळते. वितरण पेटीवर कोणते बटण कोणत्या मजल्याचे हे लिहिलेले नसते. अर्थिंगची तार असते, पण ती जमिनीपर्यंत पोहोचलेली असेलच याची खात्री नसते. वितरणाच्या कामावर गेले तर ११ केव्हीची वाहिनी, खेड्यात ज्याला सरसकट 'डीपी' म्हणतात ते रोहित्र, पावसात तुटलेला जंपर, आणि खाली जमलेले चिडलेले ग्राहक. दोन वर्षे शिकलेले आपल्याला काहीच येत नाही, ही जाणीव पहिल्या आठवड्यात होते. तिला हाताळण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे प्रश्न विचारत राहणे आणि दुसरा म्हणजे आपल्याला त्यात रसच नाही असे दाखविणे. बाहेरून ज्याला आळस म्हटले जाते, त्यात या दुसऱ्या मार्गाचा वाटा मोठा असतो.

एक साधे उदाहरण घ्यावे. पाण्याच्या पंपाची तीन फेजची मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही. एखादी फेज गेलेली असेल, फ्यूज उडाला असेल, स्टार्टरचा एखादा संपर्क जळाला असेल, बेअरिंग अडकले असेल किंवा वाइंडिंग गेले असेल. जाणता मिस्त्री आधी मोटार बंद करतो, कारण त्या अवस्थेत ती काही वेळातच तापून जळू शकते. मग तो येणारा दाब तिन्ही फेजवर मोजतो, नंतर स्टार्टरपुढचा मोजतो, पुरवठा तोडून शाफ्ट हाताने फिरवून पाहतो आणि शेवटी मेगर लावतो. हा क्रम म्हणजेच त्याची विद्या आहे. दोन हातांवर बॅटरी धरून उभ्या असलेल्या मुलाला मिस्त्रीचे हात दिसतात, क्रमामागचे कारण दिसत नाही. मिस्त्रीने कारण बोलून दाखविले तर पाऊण तास शिकण्यात जातो. न बोलता काम उरकले तर तोच पाऊण तास बॅटरी धरण्यात जातो. मुलाची पुढच्या कामाला येण्याची इच्छा या फरकावर अवलंबून असते.

शिंपी आणि खाटीक

काम करता करता शिकण्याचा अभ्यास करणाऱ्या जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात दोन परस्परविरोधी उदाहरणे दिली आहेत. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियातल्या शिंप्यांकडे नवा मुलगा आला की त्याला कापड बेतायला देत नाहीत. गुंड्या लावणे, काठ शिवणे अशी शेवटची कामे आधी मिळतात. त्यात चूक झाली तर नुकसान थोडे, शिवाय पूर्ण कपडा हातात असल्यामुळे तो कसा बनतो हे दिसत राहते. तेथून उलट क्रमाने तो शिवणीकडे आणि शेवटी बेतण्याकडे येतो. दुसरे उदाहरण अमेरिकेतील सुपरमार्केटमधल्या शिकाऊ खाटकांचे. त्यांना मांस वेष्टनात बांधायच्या यंत्रावर उभे केले जाई. कुशल कारागीर कापणी करीत त्या खोलीत काय चालते हे त्यांना दिसतसुद्धा नसे. दोन्हीकडे मुले किरकोळ कामच करीत होती. पण एकीकडे त्या कामातून पुढची वाट दिसत होती, दुसरीकडे मध्ये भिंत होती.

वीजतंत्रीच्या व्यवसायाला हा विचार लागू करताना एक अडचण येते आणि ती नाकारून चालणार नाही. शिंप्याच्या दुकानात चूक झाली तर कापड वाया जाते. येथे माणूस जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २०१९ ते २०२१ या प्रत्येक वर्षी देशात विजेच्या धक्क्याने १२ हजारांहून अधिक मृत्यू झाले. त्यात सामान्य नागरिकांची संख्या मोठी असली, तरी आपल्या हाताखालच्या मुलाला वाहिनीपासून दूर ठेवणारा मिस्त्री केवळ खडूसपणाने तसे वागतो असे म्हणता येणार नाही. अनेकदा तो त्याचा जीव सांभाळत असतो. फक्त तसे तो मुलाला सांगत नाही.

पाट्या टाकण्याची किंमत

अनास्थेचा परिणाम इतर व्यवसायांत कामाच्या दर्जावर होतो. विजेच्या कामात तो सुरक्षेवर होतो. वाहिनीवर चढण्यापूर्वी उपकेंद्राकडून पुरवठा बंद केल्याचे परमिट घ्यायचे, स्विच उघडल्याचे डोळ्यांनी पाहायचे, वाहिनी मृत असल्याचे तपासायचे आणि कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून ती जमिनीशी जोडायची, हा ठरलेला शिरस्ता आहे. परमिट असताना रॉड कशाला, असे नवख्याला वाटते. कुणाच्या तरी जनित्रातून किंवा इन्व्हर्टरमधून उलटा येणारा पुरवठा, शेजारच्या चालू वाहिनीमुळे निर्माण होणारा दाब, किंवा चुकीच्या फीडरचे परमिट, अशी त्याची उत्तरे आहेत. ज्याला ही उत्तरे सांगितली गेली तो कोणी पाहत नसतानाही रॉड लावतो. ज्याला फक्त 'लाव' असे सांगितले गेले, तो घाईच्या दिवशी विसरतो. अर्थात जुन्या माणसाने स्वतःच हातमोजे गाडीत ठेवून काम केले, तर मुलगा उपदेशापेक्षा तेच चटकन शिकतो. धैर्य आणि निष्काळजीपणा यांची गल्लत या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे.

पैसा आणि पुढचे दार

विद्यावेतनाचा मुद्दा उरतोच. २०१९च्या दुरुस्तीने आयटीआय उत्तीर्ण उमेदवारासाठी दरमहा किमान सात हजार रुपये ठरले. २०२५मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतनात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. दरम्यान २०२४मध्ये राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआयधारकांना दरमहा आठ हजार रुपये देण्यात आले. त्या योजनेचा मूळ कालावधी सहा महिन्यांचा. तालुक्याच्या गावाहून पुण्यात किंवा ठाण्यात येऊन खोलीचे भाडे, खानावळ आणि बसचा पास भागविणाऱ्या मुलासाठी सात हजारांत काय उरते, याचा हिशेब कठीण नाही. सायंकाळी पार्सल पोहोचविण्याचे काम करून सकाळी पेंगत येणाऱ्या मुलाला कामचुकार म्हणण्यापूर्वी हा हिशेब मांडायला हवा.

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९५९मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. अपुरा पगार माणसाला नाराज करतो, पण केवळ पगार पुरेसा झाल्याने कामात गोडी निर्माण होत नाही. ती कामातील यश, जबाबदारी आणि प्रगती यांतून येते. त्याच्या या सिद्धांतावर पुढे बरीच टीका झाली. तरी एका वर्षाच्या उमेदवारीकडे पाहता त्यातील 'प्रगती' हा शब्द खटकतो, कारण वर्षानंतर काय, याचे उत्तर बहुतेकांकडे नसते.

मूळ कायद्याच्या २२व्या कलमाने मालकावर नोकरी देण्याचे बंधन घातले नव्हते. २०१४च्या दुरुस्तीने प्रत्येक मालकाने उमेदवारी पूर्ण केलेल्यांच्या भरतीबाबत स्वतःचे धोरण ठरवावे, अशी तरतूद झाली. उत्तर प्रदेशातील परिवहन महामंडळाच्या प्रकरणात १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे, असे म्हटले होते. प्राधान्य आणि हमी यांतले अंतर मोठे आहे. महाराष्ट्रात बहुतेक मुलांची नजर महावितरणच्या विद्युत सहायक या पदावर असते. २०२३च्या अखेरीस निघालेल्या जाहिरातीत अशी पाच हजार ३४७ पदे होती आणि पहिल्या तीन वर्षांसाठी दरमहा १५, १६ आणि १७ हजार असे मानधन ठरविलेले होते. त्यासाठी मुले उमेदवारीच्या काळातच अभ्यासिकेत बसू लागतात. मिस्त्रीला दिसते ती कामावरची गैरहजेरी. मुलाच्या दृष्टीने तो त्याच्या उमेदीचाच भाग असतो.

ज्या ठिकाणी मुले टिकतात, तेथे काही साध्या गोष्टी सांभाळलेल्या असतात. सुरुवातीला बंद पुरवठ्यावरचे काम पूर्णपणे मुलाच्या हाती देतात. वितरण पेटीला नावे लावणे, अर्थिंगचा रोध मोजून लिहिणे, जुन्या मोटारीचे स्टार्टर उघडून साफ करणे. लायबेरियाच्या शिंप्याने आधी दिलेल्या गुंड्यांसारखेच हे आहे. दोष शोधण्यापूर्वी 'तुला काय वाटते?' असे विचारतात आणि चुकीच्या उत्तरावर हसत नाहीत. मुलीला खांबाऐवजी कार्यालयातील नोंदवहीवर बसवून ठेवत नाहीत. आणि वायरिंगच्या क्षेत्रात स्वतंत्र काम करायचे तर परवाना कसा मिळतो, पुढे पर्यवेक्षक कसे होता येते, हे पहिल्याच महिन्यात सांगतात. यात खर्च फारसा नाही, वेळ मात्र जातो. कामाच्या मोजमापावर बिल मिळणाऱ्या कंत्राटदाराला तो वेळ कोणी भरून देत नाही, ही या व्यवस्थेतील खरी त्रुटी आहे.

प्रत्येक शिकाऊ उमेदवाराने केलेल्या कामाची नोंद ठेवायची असते. दिवसाचे काम, वापरलेली हत्यारे, काढलेली आकृती आणि खाली पर्यवेक्षकाची सही. उमेदवाराच्या वृत्तीबद्दल मत बनविण्यापूर्वी ही वही चाळावी. काही वह्यांत मोटारीच्या दोषाची आकृती खोडून पुन्हा काढलेली दिसते. काहींत मात्र वर्षभराच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या असतात.