बंबात पाणी किती मावतं?

आम्ही कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या बायका. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री खासबाग मैदानाला लागून असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली सुरू झालेलं हे थिएटर, आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती. ज्वाळा बघत आम्ही एकच बोलत होतो, "बंब आलेत की, मग विझंना कसं?" त्या रात्रीपासून बंबाची चौकशी करायचं आम्ही मनावर घेतलं.

नेहमीच्या मोठ्या बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी मावतं. पंधरा लिटरची घागर धरली तर तीनशे घागरी. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण एका मोठ्या नळीतून मिनिटाला चारशे-साडेचारशे लिटर पाणी जातं. म्हणजे एक नळी दहा मिनिटं, दोन लावल्या तर पाचच. म्हणून मोठ्या आगीला एकामागून एक बंब लागतात, मागे पाण्याचा टँकर लागतो.

खेड्यातल्या बहिणींनी इथं कान द्यायचा. बंबाला पंप असतो. जाड, कडक नळी विहिरीत किंवा तळ्यात सोडून त्याला पाणी ओढता येतं. पण पाणी सात मीटरपेक्षा खोल असेल तर ओढणं जमत नाही, मग पंप कितीही ताकदीचा असो. उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात आणि वैरणीच्या गंजी, उसाचा पाला नेमका तेव्हाच पेटतो. तेव्हा रस्त्याजवळच्या कुठल्या विहिरीला वर पाणी आहे, बंब कुठपर्यंत जाईल, हे गटातल्या दोघीतिघींना तरी तोंडपाठ हवं.

पाणी सगळ्या आगींवर चालत नाही. पेटलेल्या तेलात पाणी गेलं की त्याची क्षणात वाफ होते आणि जळतं तेल अंगावर उडतं. म्हणून तेल-पेट्रोलच्या आगीसाठी बंबावर फेस करायचं द्रावण असतं. घरात कढई पेटली तर गॅस बंद करायचा, वर झाकण सरकवायचं आणि कढई हलवायची नाही. विजेची आग असेल तर आधी लाईट तोडावी लागते, महावितरणला कळवावं लागतं.

बाकी सामानात शिडी, दोर, पत्रा कापायची कात्री असते. जवानांच्या पाठीवर हवेची टाकी असते, कारण धुरात माणूस भाजण्याआधी गुदमरतो. टाकीतली हवा संपत आली की शिट्टी वाजते, मग आत कोणी अडकलं असलं तरी त्याला बाहेर यावं लागतं. हे ऐकून आम्ही गप्पच झालो.

आता आमची चूक. मागे गल्लीत एका घरात सिलिंडरनं पेट घेतला. आमच्यातल्या एकीनं १०१ ला फोन लावला, "लवकर या, आग लागलीय" म्हणाली आणि ठेवून दिला. पत्ता कोण सांगणार? परत फोन आला तेव्हा ती बादली घेऊन पळत होती. तुम्ही १०१ लावा नाहीतर ११२, गाव, वाडी, जवळची खूण, काय पेटलंय, आत कोण आहे, सगळं सांगा. पलीकडचा म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. एक बाई फाट्यावर उभी करा.

त्या दिवशी बंब आला तोही चौकातच अडकला. रुंदी आठ फुटांच्या आसपास, आणि गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या, वर गणपतीच्या मांडवाची कमान! तालमीची पोरं गाड्या उचलून बाजूला करत होती, तोवर स्वयंपाकघर जळून गेलं. माणसं वाचली.

आता मांडव घालायच्या आधी आम्ही दहा फुटी बांबू घेऊन जातो. तो आडवा धरून गल्लीतून गेला नाही तर कमानीचा खांब मागे सरकवायला लावतो. पोरं कुरकुरतात, पण सरकवतात.