दुकान दीडशे वर्षांचं, पण नागपूरच्या त्या दुकानदाराचं नाव सरकारी कागदात सापडतं कुठे?

नागपूरच्या इतवारीतल्या जुन्या व्यापारी घरांत एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "आमचं दुकान भोसल्यांच्या काळापासूनचं." वाक्य खरंही असतं. पण घरातल्या पोराला जात पडताळणीसाठी कागद लागला की सगळ्यांची धावपळ उडते. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो आणि कागद जितका जुना, तितकं त्याचं वजन जास्त. मग शोध सुरू होतो थेट राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या खापरपणजोबांचा.

इंग्लंडमध्ये त्या काळातला साधा किराणावालासुद्धा सापडतो. तिथल्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय आणि धंदा लिहिलाय, आणि शंभर वर्षांनी ती पानं लोकांसाठी खुली होतात. आपल्याकडेही इंग्रजांनी जनगणना केली. पण आकडे छापले आणि घरोघरच्या नोंदी जपल्याच नाहीत. म्हणून इथे दुकानदार शोधायचा तर त्याचा सरकारशी संबंध कुठे आला ते बघावं लागतं. जमीन, कर, कोर्ट आणि घरातले जन्म-मृत्यू.

नागपुरात हा कागद साधारण १८६० नंतर वाढत जातो. तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये वारले, डलहौसीने राज्य खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर राजधानी. १८६४ मध्ये नगरपालिका आली, १८६७ मध्ये रेल्वे.

मोठ्या पेढ्यांचं काम सोपं. कामठीची बन्सीलाल अबीरचंद ही डागा घराण्याची पेढी घ्या. सर कस्तुरचंद डागा मालक असतानाही नाव तेच राहिलं. कस्तुरचंद पार्क ज्यांच्या नावाने आहे तेच हे. पेढीच्या अशा जोडनावात अनेकदा बाप-लेक किंवा भाऊ दडलेले असतात, म्हणजे पाटी वाचली तरी एखादी पिढी हाती लागते. शिवाय अशा घराण्यांची दखल गॅझेटियरमध्ये घेतली जायची. नागपूर जिल्ह्याचं गॅझेटियर १९०८ मध्ये निघालं.

पण तेल-मीठ विकणारा गॅझेटियरमध्ये कशाला येईल?

त्याच्यासाठी दुसरी वाट आहे. गावात सावकारी करणाऱ्या कित्येक व्यापाऱ्यांनी मालगुजारी विकत घेतली होती. दुकान इतवारीत आणि गाव उमरेडकडे, असा प्रकार. त्यामुळे शहरात न सापडलेलं नाव गावच्या बंदोबस्ताच्या कागदात निघू शकतं. शहरातल्या जागेची आखीव पत्रिका असते. ती तितकी जुनी नसते, पण तिच्यातल्या फेरफारावरून वारस कळतात आणि मागे जायला धागा मिळतो.

खरा खजिना म्हणजे कोतवाल बुक. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर द्यायचा आणि ती नोंदली जायची. विदर्भात जात पडताळणीच्या प्रकरणांत हे कागद नेहमी येतात. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, त्याचं बारसं अजून व्हायचं असतं. असतं ते बापाचं नाव आणि जात. म्हणून शोधताना आजोबांचं नाव नाही, त्यांच्या वडिलांचं नाव घेऊन बसायचं.

आणि इथेच दुकानदार घराणी अडकतात. जातीच्या रकान्यात "वाणी" लिहिलंय. आता ही जात की धंदा? आपण आजही सर्रास "वाण्याच्या दुकानात जा" म्हणतो, मग तो वाणी कोणत्याही जातीचा असो. लिहिणाऱ्यानेही तसंच लिहिलं असेल तर? एका शब्दावर पोराचा प्रवेश लटकतो. अशा वेळी एकच नोंद घेऊन भांडण्यापेक्षा भाऊ, चुलते, आत्या यांच्या नोंदी जमवणं जास्त शहाणपणाचं. चार ठिकाणी "तेली" आणि एका ठिकाणी "वाणी" असेल, तर चित्र बरंच स्पष्ट होतं.

जुना कागद मोडीत असेल तर वाचणारा जाणकार गाठावा लागतो. मारवाडी वह्या महाजनी लिपीत असल्या तर मोडीवाल्यालाही त्या लागत नाहीत.

सरकारी दारं संपली की उरतात तीर्थक्षेत्रांचे पुरोहित. त्र्यंबकेश्वर, हरिद्वार, गया इथे त्यांच्याकडे यात्रेकरूंच्या वंशावळीच्या वह्या आहेत. तिथे गेल्यावर आडनावासोबत मूळ गाव विचारतात. मूळ गाव माहीत नसेल, तर निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याला एक फोन करून घ्यावा.