संगणकाच्या दप्तराची निंदणी

पिकाबरोबर तण वाढते म्हणून शेतकरी निंदणी करतो. शासकीय कार्यालयांनी हाच शब्द शेतातून उचलला आणि अभिलेखांच्या छाननीला ‘निंदणीकरण’ असे नाव दिले. अ, ब, क, ड अशी वर्गवारी करावयाची, कायमचे कागद जपावयाचे आणि मुदत संपलेले नियमानुसार नष्ट करावयाचे, ही पद्धत प्रत्येक अभिलेखपालास ठाऊक आहे. संगणकात साठणाऱ्या दप्तराला मात्र ही शिस्त अजून पुरतेपणी लागलेली नाही.

ग्रामपंचायत असो वा शाळा, आज जवळजवळ प्रत्येक कामाचे छायाचित्र काढले जाते. घरकुलाचा पाया, रस्त्याचे खडीकरण, वृक्षलागवड, ग्रामसभेची उपस्थिती, सारे काही संगणकात जमा होते. मग एखाद्या दिवशी जागा संपल्याची सूचना पडद्यावर झळकते आणि घाईघाईने समोर दिसेल ते पुसले जाते. त्यात मूळ छायाचित्रे गेली, तर झालेल्या कामाचा पुरावाच नाहीसा होतो. म्हणून तण कोणते आणि पीक कोणते, हे आधी ओळखले पाहिजे.

लघुचित्र म्हणजे काय?

छायाचित्रांचा कप्पा उघडताच प्रत्येक चित्राची एक इवलीशी प्रतिमा दिसते. तिला ‘थंबनेल’, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढे लघुचित्र, असे म्हणतात. प्रत्येक वेळी मोठे चित्र वाचून लहान करावयाचे तर वेळ लागतो. तो वाचावा म्हणून संगणक एकदा केलेले लघुचित्र निराळ्या ठिकाणी साठवून ठेवतो. या साठ्यास ‘कॅशे’ म्हणतात.

विंडोज एक्सपीच्या काळात प्रत्येक कप्प्यात ‘थंब्स डॉट डीबी’ नावाची लपलेली फाइल तयार होत असे. विंडोज व्हिस्टापासून ही लघुचित्रे वापरकर्त्याच्या खात्यात एकाच ठिकाणी, ‘थंबकॅशे’ या नावाने सुरू होणाऱ्या फायलींत ठेवली जातात. लिनक्स प्रणालीवर ती ‘डॉट कॅशे’ या लपलेल्या कप्प्यातील ‘थंबनेल्स’ या उपकप्प्यात असतात.

जागा किती मिळते?

बारा मेगापिक्सेलचे एक छायाचित्र साधारणतः ३ ते ५ मेगाबाइट जागा घेते. त्याच्या लघुचित्राला काही किलोबाइट पुरतात. परंतु एकाच चित्राची निरनिराळ्या आकारांची लघुचित्रे होऊ शकतात आणि मूळ चित्र पुसले तरी लघुचित्र मागे राहू शकते. समजा, वीस हजार चित्रे असून प्रत्येकामागे २० किलोबाइट धरले, तर सुमारे ४०० मेगाबाइटचा साठा होतो. जुन्या, लहान डिस्कच्या संगणकावर तेवढ्याने अडलेले काम चालू होऊ शकते. मात्र त्याने कायमची सोय होईल, ही अपेक्षा करू नये. मोठी जागा बहुधा एकाच फायलीच्या अनेक प्रतींनी आणि अनावश्यक चित्रफितींनी अडविलेली असते.

साफ करण्याची रीत

विंडोजमध्ये ‘डिस्क क्लीनअप’ हे साधन शोधून उघडावे व सी ड्राइव्ह निवडावा. समोर आलेल्या यादीतील इतर सर्व खुणा काढून केवळ ‘थंबनेल्स’ या नावापुढे खूण ठेवावी आणि मग संमती द्यावी. विंडोज १० व ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टम’, ‘स्टोरेज’, ‘टेम्पररी फाइल्स’ या क्रमानेही हेच करता येते. लिनक्सवर ‘थंबनेल्स’ उपकप्प्यातील फायली पुसल्या की पुरे. मूळ छायाचित्रांना यामुळे कोणतीही बाधा येत नाही. पुढच्या वेळी कप्पा उघडताना थोडा विलंब लागतो, कारण संगणक लघुचित्रे नव्याने तयार करतो.

कोठे चूक होते?

पहिली चूक सगळ्याच नावांपुढे खूण करण्याची. ‘टेम्पररी फाइल्स’च्या यादीत ‘डाउनलोड्स’ हा कप्पाही दिसतो. उतरवून घेतलेले शासन निर्णय, आदेश, दाखले अनेकदा तेथेच पडून असतात. नाव ‘तात्पुरत्या’ यादीत असले तरी कागद तात्पुरते नसतात. ती खूण काढूनच पुढे जावे.

दुसरी चूक मोबाइलवर होते. गॅलरीच्या साठवणुकीत ‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर डेटा’ अशी दोन बटणे जवळजवळ असतात. पहिल्याने तात्पुरता साठा जातो. दुसऱ्याने त्या ॲपमधील मांडणी व नोंदीही पुसल्या जातात. म्हणून दुसऱ्याला हात लावू नये.

तिसरी चूक उलट दिशेची. लघुचित्र दिसते म्हणून मूळ चित्र सुरक्षित आहे, असे समजणे धोक्याचे आहे. नखाएवढ्या प्रतिमेवरून मूळ छायाचित्र पुन्हा उभे करता येत नाही.

मागे उरणारी सावली

पुसलेल्या चित्राचे लघुचित्र मागे राहते, याला आणखी एक बाजू आहे. कार्यालयाचा जुना संगणक दुरुस्तीस किंवा लिलावात जातो, तेव्हा लाभार्थ्यांचे, विद्यार्थ्यांचे चेहरे त्याच्याबरोबर जाऊ शकतात. अशा वेळी केवळ लघुचित्रे साफ करणे पुरेसे नसते. आवश्यक अभिलेख दुसरीकडे घेतल्यावर, जाणकाराच्या साहाय्याने संपूर्ण डिस्क पुसून घेणेच इष्ट ठरते.

अभिलेख तो अभिलेखच

केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ ने संगणकावर निर्माण झालेल्या सामग्रीलाही अभिलेखाच्या व्याख्येत स्थान दिले आहे. महाराष्ट्रानेही २००५ साली आपला अधिनियम केला. तेव्हा कामाचे मूळ छायाचित्र हा अभिलेख समजूनच वागावे. ते पुसण्याचा निर्णय डिस्क भरली म्हणून नव्हे, तर नियमाने व सक्षम अधिकाऱ्याच्या अनुमतीने व्हावा. साफसफाईपूर्वी मूळ चित्रांची एक प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी, ती उघडून पाहावी आणि तारखेसह नोंदवहीत लिहावी.

निंदणी करणाऱ्याच्या हाती खुरपे असते, पण पिकाचे रोप न दुखावता तण काढण्याचे कौशल्य त्याच्या नजरेत असते. संगणकापुढे बसणाऱ्या लिपिकाने, शिक्षकाने आणि ग्रामसेवकाने तीच नजर ठेवली, तर जागाही मोकळी होईल आणि गावाचे दप्तरही शाबूत राहील.