चांदवडचा धडा

आक्रमकाला सवलती देऊन शांतता विकत घेण्याच्या धोरणास तुष्टीकरण, तर शेजाऱ्याच्या संकटापासून दूर राहण्याच्या धोरणास अलिप्ततावाद म्हणतात. ही दोन्ही धोरणे युद्ध टाळत नाहीत, उलट ते अधिक मोठे करतात, हे मराठ्यांच्या इतिहासातून दिसते. मराठा सरदार यशवंतराव होळकरांकडून पराभूत झालेल्या पेशवा दुसऱ्या बाजीरावाने 31 डिसेंबर 1802 रोजी वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज, म्हणजे आपल्या खर्चाने पोसायची परकी पलटण, स्वीकारली आणि तिच्यासाठी 26 लाखांचा मुलूख तोडून दिला. 1803 मध्ये शिंदे व भोसले हे मराठा सरदार इंग्रजांशी लढत असताना होळकर मात्र बाजूला राहिले. असईच्या लढाईतील पराभवानंतर शिंदे नमले आणि 1804 मध्ये होळकरांना एकट्याने लढावे लागले, तेव्हा नाशिक परिसरातील त्यांचे चांदवड इंग्रजांनी जिंकले. युरोपातही असेच घडले: 1938 मध्ये म्युनिकला ब्रिटन व फ्रान्सने जर्मनीच्या हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा सुदेतन प्रदेश देऊ केला आणि वर्षभरातच दुसरे महायुद्ध पेटले. आक्रमणाचा सामूहिक प्रतिकार वेळीच केला नाही, तर पुढे त्याची किंमत अनेक पटींनी मोजावी लागते, हाच या इतिहासाचा निर्वाळा आहे.