स्वल्पविरामाने घातलेला घोळ: मजकूर तोडायची छोटी छोटी फंक्शन्स

आजचा भाग माझ्या फजितीपासून सुरू करतो.

गेल्या दिवाळीत मावशीकडे फराळाच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर यायच्या. मी ऐटीत म्हटलं, "मावशी, वहीत काय लिहीत बसतेस? प्रोग्राम करून देतो." मेसेज साधारण असा: 'चकली २ किलो, लाडू १ किलो'. स्वल्पविराम दिसला की तोड, झालं काम! दोन दिवस झकास चाललं. मग एका काकूंनी लिहिलं, 'चिवडा (काजू, बेदाणे घालून) ३ किलो'. प्रोग्रामने कंसातही तोडलं. वस्तू एका तुकड्यात, वजन दुसऱ्यात. दोन्ही तुकडे कळेनात, म्हणून गुपचूप गळाले. काकू न्यायला आल्या तेव्हा चिवडाच नव्हता. मावशी मला एक शब्द बोलली नाही, रात्री उशिरापर्यंत पोहे भाजत बसली. तेच जास्त लागलं.

मग मी पार्सर कॉम्बिनेटर शिकलो. नाव भारी, कल्पना सोपी. पार्सर म्हणजे एक फंक्शन. त्याला मजकूर द्यायचा. ते सुरुवातीचा हवा तो भाग ओळखतं आणि दोन गोष्टी परत देतं: काय सापडलं आणि काय उरलं. नाही जुळलं, तर तसं सांगतं. असे पार्सर जोडून मोठा पार्सर बनवणारं फंक्शन म्हणजे कॉम्बिनेटर. फिलिप वॅडलर यांनी १९८५ च्या एका शोधनिबंधात अपयश म्हणजे रिकामी यादी, असं मांडलं होतं. हास्केलमधली पार्सेक ही लायब्ररी याच घराण्यातली.

मला चारच जोड लागले: 'मग', 'किंवा', 'पुन्हा पुन्हा' आणि 'अमुकने विभागून'.

अंक म्हणजे मराठी अंक किंवा इंग्रजी अंक. (जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधली अंकाची खूण फक्त इंग्रजी अंक ओळखते, आपला '२' तिला दिसतच नाही!) संख्या म्हणजे अंक पुन्हा पुन्हा. नोंद म्हणजे नाव, मग असला तर कंस, मग संख्या, मग 'किलो'. आणि ऑर्डर म्हणजे स्वल्पविरामाने विभागलेल्या नोंदी. आता गंमत बघा. कंसातला स्वल्पविराम कंसाचा पार्सर आधीच गिळतो, त्यामुळे विभागणाऱ्यापर्यंत तो पोहोचतच नाही.

दोन खड्डे सांगून ठेवतो. बऱ्याच लायब्ररींमध्ये 'किंवा' पहिलं जुळलेलं उत्तर धरून बसतो. 'शेव' आधी लिहिलंत तर 'शेवपापडी'तली 'पापडी' मागे उरते. म्हणून लांब नाव आधी. दुसरं, काहीही न खाता यशस्वी होणारा पार्सर 'पुन्हा पुन्हा'मध्ये घातलात, तर तो कायमचा फिरत राहू शकतो.

साध्या यादीला साधं तोडणं पुरतं, उगाच तोफ आणू नका. पण शेवटी मजकूर उरला तर प्रोग्रामने ओरडलंच पाहिजे. यंदा न कळलेला मेसेज लाल रंगात सगळ्यात वर येतो आणि मावशी तो स्वतः वाचते. वही मात्र तिने अजून टाकलेली नाही. बरोबरच आहे तिचं!

भेटूया पुढच्या भागात.