मॅगसेसे पुरस्कार आणि एक कोकणी जिल्हा

आशियाचे नोबेल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रॅमन मॅगसेसे पुरस्काराचे पहिले भारतीय मानकरी आचार्य विनोबा भावे (१९५८), तर दुसरे चिंतामणराव देशमुख (१९५९). एक भूमिहीनांसाठी गावोगाव चालणारे, दुसरे देशाची तिजोरी सांभाळलेले. नवल असे, की दोघांचाही जन्म तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातला. तोही अवघ्या चार महिन्यांच्या अंतराने. विनोबा ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे जन्मले, तर देशमुख १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी.

फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष रॅमन मॅगसेसे १७ मार्च १९५७ रोजी विमान अपघातात मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ त्याच वर्षी हा पुरस्कार स्थापन झाला आणि पुढच्या वर्षीपासून दिला जाऊ लागला. पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत विनोबा होते. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत त्यांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. तिथून भूदानाची पदयात्रा देशभर गेली आणि चाळीस लाखांहून अधिक एकरांचे दान जाहीर झाले. ती सगळीच जमीन कसण्याजोगी नव्हती, सगळी वाटलीही गेली नाही. तरीही कायदा किंवा बळ न वापरता, केवळ मागून एवढी जमीन मिळणे हे जगाच्या इतिहासात विरळाच.

देशमुखांना पुरस्कार मिळाला तो शासकीय सेवेसाठी. लंडनला आयसीएस परीक्षेत ते पहिले आले होते. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९४४ च्या ब्रेटनवुड्स परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात होते. पुढे केंद्रीय अर्थमंत्री असताना मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी १९५६ साली राजीनामा दिला. सत्तेपेक्षा मत मोठे मानणारा हा माणूस त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचा अध्यक्ष म्हणून काम करत राहिला. त्यांच्याच बरोबर १९५९ च्या मानकऱ्यांत दलाई लामाही होते. जन्मासारखेच मृत्यूतही अंतर थोडे राहिले: देशमुख २ ऑक्टोबर १९८२ रोजी गेले, विनोबा त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला.

जिल्ह्यातले तिसरे नाव पांडुरंगशास्त्री आठवले यांचे. जन्म रोह्याचा, १९ ऑक्टोबर १९२० चा. गीतेच्या आधारावर त्यांनी स्वाध्याय परिवार उभा केला. त्यातल्या ‘योगेश्वर कृषी’ या प्रयोगात गावकरी आळीपाळीने सामायिक शेतात राबतात. ‘मत्स्यगंधा’ या नौकांवर मच्छीमार तसेच पाळीपाळीने जातात. उत्पन्न कुणा एकाचे नसते, ते गरजूंच्या उपयोगी पडते. १९९६ साली मॅगसेसे आणि १९९७ साली टेम्पलटन पुरस्कार त्यांना मिळाला.

चौथ्या मानकऱ्याचे रायगडशी नाते कामाचे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी यांनी पत्नी डॉ. स्मिता यांच्यासह १९८८ साली श्रद्धा पुनर्वसन संस्था सुरू केली. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणायचे, उपचार करायचे आणि बरे वाटू लागले, की नाव-गाव विचारत थेट घरी पोहोचवायचे, ही त्यांची पद्धत. कर्जतचे केंद्र २००६ पासून हेच करत आहे. २०१८ साली त्यांना मॅगसेसे मिळाला.

महाराष्ट्राची यादी यापुढेही मोठी आहे: जामखेडचे आरोळे दांपत्य (१९७९), बाबा आमटे (१९८५), डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे (२००८), नीलिमा मिश्रा (२०११).

भिवंडीहून रायगडचा हा मुलूख लांब नाही. भिवंडी रोड स्थानकावरून दिवा गाठले, की पेण-रोह्याची गाडी मिळते. कल्याणहून कर्जतची लोकल. रायगड किल्ल्यावर निघालेल्या सहलीच्या वाटेवरच नाते गाव लागते. तिथे गाडी थोडी थांबवून मुलांना चिंतामणरावांविषयी आणि उरलेल्या तिघांविषयी जरूर सांगावे. एकाने पायी चालून, दुसऱ्याने हिशेबातून, तिसऱ्याने भक्तीतून, चौथ्याने औषधोपचारातून माणसांची सेवा केली. मोठे काम करायला एकच ठरलेला मार्ग नसतो, हे मुलांना शिकवणारी इतकी जवळची उदाहरणे दुसरीकडे शोधत जायला नकोत.